एकोणीस दिवसांचं पाणी

१२ एप्रिल

बाबा,

समुद्र गोठून तीन आठवडे झाले. आज आम्ही पहिल्यांदा त्याच्यावरून चालत गेलो. पायाखाली दीड हात बर्फ आणि त्याखाली चारशे मीटर पाणी. पहिली दहा पावलं मी श्वास रोखूनच टाकली. पुढे चालणारे वायरकाका मागे न बघता म्हणाले, "श्वास घे गं. हवेला वजन नसतं."

वायरकाका इथले तंत्रज्ञ. त्यांचं खरं नाव कोणी घेत नाही. यंत्र पाण्यात सोडायची वायर, तिची गुंडाळी आणि ती फिरवायचं चाक त्यांच्या ताब्यात असतं, म्हणून हे नाव पडलं. हा त्यांचा इथला सहावा हिवाळा आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या या संशोधन तळावर आम्ही अकराजण आहोत आणि डिसेंबरपर्यंत आता जहाज येणार नाही.

तुम्ही विचारलं होतं की रोज नक्की करतेस काय. किनाऱ्यापासून एक किलोमीटरवर बर्फाला जेवायच्या टेबलाएवढं भोक पाडलं आहे आणि त्यावर लाकडी खोली ठेवली आहे. रोज दुपारी तिथे जायचं, भोकावर धरलेली नवी साय फोडायची आणि यंत्र तीस मीटर खाली सोडायचं. ते पाण्याचं तापमान आणि खारटपणा सांगतं. मी तो आकडा वहीत लिहून सही करते. पाणी गोठतं तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो. ते मीठ खालच्या पाण्यात उतरतं. म्हणून हिवाळाभर बर्फ जाड होत जातो आणि खालचं पाणी अधिक अधिक खारट होतं. उन्हाळ्यात याच्या उलट. बर्फाखालचे ऋतू वरून दिसत नाहीत, म्हणून कुणीतरी रोज जाऊन बघायला हवं. यंदा ते कुणीतरी म्हणजे मी.

तुम्ही तरी वेगळं काय केलंत? तीस वर्षं दर दोन तासांनी गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून पाणी तपासलंत आणि रजिस्टर भरलंत. घरातली पहिली पदवी माझी असली तरी नोंद कशी करायची ते मी तुमच्याकडूनच शिकले. बैठकीतल्या त्या प्रशस्तिपत्रावरचे 'निर्दोष नोंदींबद्दल' हे शब्द मी अक्षरं जुळवत वाचले होते, ते अजून डोळ्यांपुढे आहेत.

इथली पत्रं पंधरा दिवसांतून एकदा उपग्रहावरून संस्थेच्या कार्यालयात जातात. तिथला लिपिक ती छापून तुम्हाला पोस्टाने पाठवेल. तुमचं पत्र तो टाइप करून मला पाठवेल. म्हणजे तोही वाचणार. अक्षर नीट काढा.

तुमची
ठकू


३ मे

ठकूबाई,

अक्षर नीट काढतो आहे. लिपिकसाहेब, काही लागलं नाही तर अंदाजानं भरू नका, फोन करून विचारा.

तू समुद्रावर चालतेस हे तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जमिनीवर धड चालता येत नाही, उंबऱ्याला ठेच लागते, आणि ही निघाली समुद्रावर!" पण शेजारपाजारच्या चार जणींना तिनंच सांगितलंय. दळण आणायला गेली होती, पाऊण तासानं परत आली.

बर्फ मीठ बाहेर टाकतो हे मी आपल्या फिल्टर हाऊसमध्ये सांगितलं. निवृत्त झालो तरी दिवसाआड चक्कर असते. तिथला नवा ऑपरेटर म्हणाला, "काका, मग आपणही समुद्राचा बर्फ करून वितळवू, गाळायची कटकटच नको." मी म्हटलं, अर्ज कर, तुला तिकडेच पाठवतो.

त्या प्रशस्तिपत्राचं एवढं काही मनावर घेऊ नकोस. भिंतीला ओल आली म्हणून ते काढून ठेवलं आहे.

वायरकाकांचं ऐकत जा. सहा हिवाळे काढलेला माणूस पुस्तकात सापडत नाही. गरम पाणी पीत जा.

बाबा


२४ जुलै

बाबा,

माझी मधली पत्रं चार-चार ओळींची होती. खोटं काही लिहिलं नाही, पण सगळंही लिहिलं नाही. जूनमध्ये खोलीच्या पायरीवरून घसरले आणि घोटा मोडला. आई म्हणेल, सांगितलं होतं मी. डॉक्टरांनी एकोणीस दिवस अंथरुणातून उठू दिलं नाही. आता बरी आहे, काठी घेऊन चालते. सूर्य दोन महिने उगवलेला नाही, दुपारी दोन वाजताही कपाळावरच्या दिव्यानंच चालावं लागतं.

पण लिहायचं ते वेगळंच आहे.

मी पडले तेव्हा पाण्याचा खारटपणा ३४.६२ होता. म्हणजे एक किलो पाण्यात साधारण साडेचौतीस ग्रॅम मीठ. एप्रिलपासून तो हळूहळू पण न थांबता वाढत आला होता. मी अंथरुणात होते ते एकोणीस दिवस वायरकाका एकटेच जात होते. परत आल्यावर वही उघडली. पहिल्या दिवशी ३४.६२. दुसऱ्या दिवशी ३४.६२. एकोणीस ओळी, एकोणीस सह्या, आणि आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत तोच. मी पुन्हा जायला लागल्यापासून तो परत वाढतोय.

याच एकोणीस दिवसांत बर्फ चार बोटं जाड झाला आहे. मग त्यातलं मीठ गेलं कुठे?

मी त्यांना विचारलं. ते वायरला तेल लावत होते. डाव्या हाताच्या दोन बोटांना त्यांच्या आता स्पर्श कळत नाही, मागच्या एका हिवाळ्यात गारठली होती. म्हणाले, "पाणी काय मला विचारून खारट होतं?"

"काका, एकोणीस दिवस एकच आकडा?"

"मलाही नवल वाटलं. मला वाटतं, त्या बर्फाच्या भिंतीच्या पायथ्याशी गोडं पाणी सुटत असणार. भिंत खालून वितळत असेल. ते पाणी इथवर आलं आणि तुझ्या मिठाला पुरून उरलं."

इथून चार किलोमीटरवर, जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरतो तिथे त्याची उंच भिंत आहे. पण ऐन हिवाळ्यात ती खालून वितळते, असं मी शिकलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. मी तसं म्हटलं.

ते म्हणाले, "पुस्तक लिहिणारा हिवाळ्यात घरी गेला असेल." मग म्हणाले, "भोकाजवळच्या दुसऱ्या दोरीला नोंद करणारं यंत्र लटकतंय ना? तेही तीस मीटरवरच आहे. आत्ता दोरी बर्फात घट्ट धरली गेलीय, नोव्हेंबरात वर काढू. त्यात सगळं सापडेल. तोवर थांब की."

पण सहामाही अहवाल ऑगस्टमध्ये जायचा आहे. त्यात हे आकडे गेले तर ते कायमचे खरे होऊन बसतील. मला तर दिसतंय की अंधारात, दुखऱ्या हातानं, एकटं एवढं लांब जाण्यापेक्षा त्यांनी इथेच बसून काल लिहिलेलं आज लिहिलं. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. आणि मी पडले नसते तर हे झालंच नसतं, असंही वाटतं.

तुम्ही तीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाहीत. तुम्ही सांगा, मी काय करू? तुमचं उत्तर येईपर्यंत थांबते.

ठकू


५ ऑगस्ट

ठकू,

लिपिकसाहेब, पुढचं जसंच्या तसं टाइप करा. लाज वाटून काही गाळू नका. लाज माझी आहे.

तू सात वर्षांची होतीस. मी दुपारच्या पाळीला होतो. टाकीच्या चौसष्ट पायऱ्या होत्या. घरी आजारपण नव्हतं, मला काही दुखत नव्हतं, कारण असं काही नव्हतंच. कंटाळा आला, एवढंच. एक दिवस खाली खुर्चीत बसून रजिस्टर भरलं. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं. असे अकरा दिवस गेले. त्यातल्या चौथ्या की पाचव्या दिवशी क्लोरीनचं सिलिंडर रिकामं झालं होतं. वर चढलो असतो तर कळलं असतं. रजिस्टरात क्लोरीन रोज बरोबर मापात होतं.

खालच्या गल्लीत पोरं आजारी पडली. सगळी बरी झाली, एक सोडून. चार वर्षांची मुलगी होती. मी तिला कधी बघितलं नाही.

चौकशी आली. साहेबांनी माझं रजिस्टर पानन् पान तपासलं. इतकं चोख होतं की त्यांनी ठरवलं, दोष गल्लीतल्या फुटक्या नळाचा असणार. जाताना माझी पाठ थोपटली. तीन महिन्यांनी ते प्रशस्तिपत्र आलं. तुझ्या आईनं काच लावून आणली. मी नको म्हणू शकलो नाही, कारण मग का नको ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर एकही पायरी चुकवली नाही. पण त्यानं काय होतंय.

मी हे का लिहितोय ते समजून घे. माणसाच्या हातून होतं असं. चांगल्या माणसाच्याही होतं. वायरकाकांबद्दल अहवालात लिहू नकोस. त्यांच्याजवळ बस, म्हण की काका, झालं ते झालं, मी समजू शकते. माझ्याजवळ येऊन कुणी असं बसलं असतं, तर मी त्याच दिवशी सगळं कबूल केलं असतं.

बाबा


१९ ऑगस्ट

बाबा,

पत्र मिळालं.

अहवाल परवा तळप्रमुखांकडे दिला. एकोणीस नोंदी अविश्वसनीय म्हणून बाद कराव्यात आणि यापुढे वायरकाकांनी एकट्यानं केलेली कोणतीही नोंद धरू नये, असं लिहिलं आहे. वहीतल्या त्या एकोणीस ओळींवर मी तांबडी रेघ मारली. तुमचं पत्र वाचलं नसतं तर मी कदाचित थांबलेही असते. वाचल्यावर वाटलं, आता आणखी एकाला समजून घ्यायचं नाही.

त्या मुलीचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?

आज सकाळी वायरकाका माझ्या खोलीच्या दारात आले. तळप्रमुखांनी त्यांना अहवाल दाखवला होता. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. भिंतीजवळ नवं भोक पाडू, तिथलं पाणी तू स्वतः मोज. ते गोडं निघालं तर माझे आकडे खरे, नाही निघालं तर मी सही करतो तुझ्या अहवालावर." मी म्हटलं, "अहवाल गेला, काका. आता त्याचा काय उपयोग?" त्यांनी टोपी कानांवर ओढली. मग म्हणाले, "मी रोज टाकलं होतं गं यंत्र." आणि गेले.

तुम्ही म्हणालात तसं मी म्हणून पाहिलं नाही असं नाही. त्यांच्या पाठीमागून म्हणाले, "काका, होतं माणसाच्या हातून." त्यांनी वळून बघितलं नाही.

मला काही दिवस पत्र लिहू नका.


१६ सप्टेंबर

ठकू,

लिहू नका म्हणालीस, पण लिहितोय. संस्थेतल्या लिपिकाचा फोन आला होता. म्हणाला, "काका, तळावर अपघात झालाय, एक माणूस गेला, तुमची मुलगी सुखरूप आहे. यापेक्षा जास्त सांगायची मला परवानगी नाही." मग म्हणाला, "तुमची पत्रं मीच टाइप करतो, म्हणून राहवलं नाही."

कोण गेलं ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आई दिवसभर रेडिओ लावून बसते. त्यात तुमच्याकडचं काही येत नाही हे तिला माहीत आहे. मला शिव्या दे हवं तर, पण चार ओळी लिही.

बाबा


२ ऑक्टोबर

बाबा,

वायरकाका गेले. २१ ऑगस्टला.

त्या दिवशी ते एकटेच भिंतीकडे गेले. दोघांशिवाय बर्फावर जायचं नाही असा नियम आहे आणि तो त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवला होता. बाहेर जाण्याच्या रजिस्टरात त्यांनी लिहिलं, सोबत: कोणी नाही. कारण: भिंतीजवळचं पाणी बघायला. दुपारी चारला परत यायचं होतं. पाचला आम्ही सहाजण निघालो.

भरती-ओहोटीनं समुद्र वरखाली होतो, पण भिंत जागची हलत नाही. त्यामुळे तिच्या कडेनं बर्फ कायम तडकलेला असतो आणि वर भुरभुरीत हिम साचून तडा दिसत नाही. घसरगाडी तड्याच्या अलीकडे होती. चाक आणि वायर तिच्यावर बांधलेलीच होती. म्हणजे भोक पाडण्याआधीच ते घडलं. हिमाला माणसाएवढं खिंडार पडलं होतं आणि त्यात पाणी होतं. डॉक्टरांनी दिवा आत धरला. काही दिसलं नाही. तिथे पाणी दोनशे मीटर खोल आहे आणि प्रवाह भिंतीखाली ओढतो.

तळप्रमुखांनी अपघात म्हणून नोंद केली. माझ्याशी फार बोलत नाहीत. एकदा म्हणाले, "मी त्यांना अहवाल दाखवायला नको होता." बाकीचे जेवताना माझ्या शेजारी बसतात, मीठ हवं का विचारतात. चांगले वागतात सगळे.

आता ती वायर मी फिरवते. एका हातानं चाक आणि दुसऱ्यानं वायर धरायची असते. ज्याची दोन बोटं बधिर आहेत त्यानं ती एकोणीस दिवस एकट्यानं धरली असेल यावर माझा तेव्हा विश्वास बसला नव्हता. अजूनही बसत नाही. मला वाटतं, पकडले गेल्याची लाज त्यांना सहन झाली नाही आणि भिंत हा बहाणा होता. हे कुणाशी बोलले नाही, फक्त तुम्हाला लिहितेय. तुम्हाला त्या लाजेची माहिती आहे.

ठकू


१५ ऑक्टोबर

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लाज काय करते ते मला खरंच माहीत आहे. मीसुद्धा एकदा टाकीच्या कठड्यावर बराच वेळ उभा होतो. आईला हे ठाऊक नाही. वायरकाकांचं तसंच झालं असेल. तू दोष एकटीकडे घेऊ नकोस. माझं पत्र चार दिवस उशिरा पोचलं असतं तर तू थांबली असतीस, हे तूच लिहिलं आहेस. तेव्हा निम्मा भार मला दे.

तू नाव विचारलं होतंस. मी शोधायला खालच्या गल्लीत गेलो. घर सापडलं, पण दार भलत्याच माणसानं उघडलं. ते कुटुंब पंधरा वर्षांपूर्वी गाव सोडून गेलं. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "तिला सगळे छकुली म्हणायचे, खरं नाव आता कोण सांगणार?" मला तिनं पाणी दिलं. मी ते पिऊन परत आलो.

फिल्टर हाऊसमध्येही जाऊन सांगितलं. नवा ऑपरेटर आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा करतोय. मग म्हणाला, "काका, आता कशाला उकरताय? कागद पण राहिले नसतील." नाहीतच राहिले. साहेबांना लेखी दिलं आहे. त्यांनी पोच दिली.

तू जप.

बाबा


२८ नोव्हेंबर

बाबा,

इथे आता सूर्य मावळत नाही. बर्फाखाली उजेड पोचायला लागला आहे. भोकाच्या कडेनं काढलेला बर्फाचा तुकडा उलटा केला तर खालचं अंग चहासारखं तपकिरी दिसतं. ते शेवाळ आहे. वर सगळं पांढरं आणि मेलेलं, आणि खालच्या अंगाला शेत उगवल्यासारखं. हे बघायलाच मी इथे आले होते.

सोमवारी नोंद करणारं यंत्र वर काढलं. ते एप्रिलपासून तीस मीटरवर लटकत होतं आणि दर तासाला पाणी मोजत होतं. मी आकडे पडद्यावर घेतले आणि जूनवर आले.

३४.६२. पुढे एकोणीस दिवस ३४.६२. दर तासाला. मधे दोनदा ३४.६१ झालं आहे, तेही आपण वायर सोडतो त्या वेळी नाही.

त्यांनी रोज टाकलं होतं, बाबा. अंधारात, त्या हातानं, एकोणीस दिवस. त्यांच्या प्रत्येक आकड्याशेजारी यंत्राचा आकडा ठेवून मी बघितलं. एकही चुकला नाही. भिंतीखालून गोडं पाणी येत होतं, ते म्हणाले होते तसंच. ते पाणी आलं ते दिवस नेमके मी अंथरुणात होते ते दिवस होते, यात त्यांचा काय दोष?

मी त्यांना खोटं ठरवून शिक्षा दिली. तुम्ही त्यांना खोटं ठरवून माफ केलंत. ते खरं बोलत असतील असं आपल्या दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. आणि मेल्यावरही आपण त्यांना सोडलं नाही. लाजेनं गेले म्हणालो. तो माणूस पाणी मोजायला गेला होता. रजिस्टरात तसं लिहून गेला होता.

निम्मा भार तुम्हाला देता येणार नाही. तुमचं पत्र वाचून चिडले ती मी. तुम्ही जवळ बस म्हणाला होतात.

संस्थेत आनंद झाला आहे. ऐन हिवाळ्यात भिंत खालून वितळते आणि ते पाणी इतक्या दूर पोचतं, हे इथे पहिल्यांदा हाती लागलंय म्हणतात. माझ्या नावानं शोधनिबंध लिही म्हणून निरोप आला. तळप्रमुखांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, "तुझा अहवाल फक्त दोघांनी वाचलाय. मी तो परत मागवून घेतो. वायरकाकांच्या बायकोला एवढंच माहीत आहे की ते कामावर असताना गेले. ते खरंच आहे ना? मग ते तसंच राहू दे. तुझ्यापुढे अख्खं आयुष्य आहे."

ते वाईट माणूस नाहीत. मी दोन दिवस विचार केला, हे लपवणार नाही. मग अहवाल परत घेऊ नका म्हणून सांगितलं. वहीतली तांबडी रेघ पुसता येत नाही, तिच्याखाली लिहिलं: नोंदी खऱ्या आहेत, शंका माझी होती, शंका चुकीची होती. तारीख घातली. निबंधावर त्यांचं नाव पहिलं असेल, खरं, पूर्ण. ते मी कार्यालयाच्या यादीत शोधून काढलं. चार महिने ज्यांच्याबरोबर रोज गेले, त्यांचं नाव मला यादीत शोधावं लागलं.

जहाज पंधरा तारखेला येतंय. मी सरळ घरी येणार नाही.

ठकू


२० जानेवारी

बाबा,

हे पत्र तुम्हाला माझ्या आधी पोचावं म्हणून इथल्याच पोस्टात टाकते. या वेळी मधे लिपिक नाही.

मी आज वायरकाकांच्या घरी गेले होते. तिसरा मजला, लांब गॅलरी, कोपऱ्यातली खोली. काकू शिवणकाम करतात. मशीनवर अर्धी कॉलर तशीच होती. मी तळावरून आले म्हटल्यावर त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलून मला जागा केली.

मी ते एकोणीस आकडे कागदावर छापून नेले होते, शेजारी यंत्राचे आकडे. कागद त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "काकांचे आकडे आहेत. ते खरे होते, हे सिद्ध झालं."

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "म्हणजे? खोटे कधी होते?"

तेव्हा मला कळलं की मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं. घोटा, वही, तांबडी रेघ, अहवाल. तुमच्याबद्दल काही बोलले नाही, ती माझी ढाल झाली असती.  खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं आणि कुणीतरी त्याला ओरडत होतं, "आलो रे, आलो!"

मग त्यांनी विचारलं, "जायच्या आधी ते तुम्हाला बोलवायला आले होते?"

"हो."

"किती वेळा?"

ते एकदाच आले, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. तळप्रमुखांनाही तेच सांगितलं होतं. ते दोनदा आले होते, बाबा. दुसऱ्यांदा २१ ऑगस्टला सकाळी आले. पायात बूट होते, कपाळावर दिवा होता. दारातून म्हणाले, "येतेस?" मी टेबलाशी बसले होते. पाठ त्यांच्याकडे होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"दोनदा," मी म्हटलं.

काकूंनी चष्मा काढला. कागदाची नीट घडी घातली आणि ती मशीनच्या खणात ठेवली.

"ते कुणाला दोनदा विचारत नसत," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा कधी विचारलं नाही."

ठकू